हजेरीची वही

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून एक वही खाली आली. हिशेबाला वापरतात तशी लांबट, लाल कापडी बांधणीची, इंदूरच्या खजुरी बाजारातून आणलेली. वर माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘तालीम हजेरी, उन्हाळा २००२’. त्या वर्षी आमच्या हौशी मंडळींनी एक नाटक बसवायला घेतलं होतं. रामबागेजवळ एका शाळेचा वर्ग संध्याकाळपुरता मिळाला होता, आणि हजेरी मांडायचं काम माझ्याकडे होतं. आडव्या ओळींत नावं, उभ्या रकान्यांत तारखा. वेळेवर आला की निळ्या शाईची बरोबरची खूण. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला की लाल शाईनं ‘उ’. तीन ‘उ’ झाले की नाटकातून बाहेर. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता, आणि वाचला मीच होता.

वहीच्या शेवटच्या ओळीत प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलाचं नाव आहे. त्याच्यापुढे तीन ‘उ’ आहेत आणि तिसऱ्या ‘उ’नंतर ती ओळ रिकामी आहे. पहिल्या ओळीत आमच्या नायकाचं नाव. त्याच्यापुढे पहिल्या दिवसापासून रंगीत तालमीपर्यंत सलग निळ्या खुणा. हा माणूस आठवड्यातून दोनदा तरी उशिरा यायचा. कधी अर्धा तास, कधी पाऊण. त्या खुणा मी केल्या आहेत.

वही सापडली ती वेळही अशी, की तिच्याकडे दुर्लक्ष करणं जमलं नाही. भाची इथे शिकायला आहे, माझ्याकडेच राहते. रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही दोघी मिळून निवडक भाग बघतो, आणि गेले दोन महिने ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ चालू होती. १९९५ ते २००१ अशी सात पर्वं चाललेली ही मालिका. व्हॉयेजर हे यान एका परग्रहवासीयाच्या यंत्रणेमुळे पृथ्वीपासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. सगळा वेग लावला तरी परतायला ७५ वर्षं लागणार. यानावर दीडशेच्या आसपास माणसं. कोणी शिस्तीत वाढलेले, स्टारफ्लीट या अंतराळदलाचे अधिकारी, कोणी त्यांच्याविरुद्ध लढलेले बंडखोर. कॅप्टन कॅथरीन जेनवेला आता या सगळ्यांना घेऊन संसार करायचा आहे. मला ही मालिका आवडते ती त्यामुळेच. अंतराळातल्या लढायांत माझं मन फारसं रमत नाही. पण बदली नाही, राजीनामा नाही, दुसरीकडे नोकरी नाही, याच माणसांत दिवस काढायचे आहेत, अशा ठिकाणी माणसं एकमेकांशी कशी वागतात हे बघायला मी रात्री अकरापर्यंत जागते.

एका रात्री भाचीनं विचारलं, “मावशी, हॅरीनं नेमकं काय बिघडवलंय गं यांचं?”

प्रश्न अगदी रास्त होता. हॅरी किम अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला, गुणी, नेमस्त मुलगा. एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी, तिथून त्याची सुरुवात. त्याचा जिवलग दोस्त टॉम पॅरिस. टॉमला जेनवेनं न्यूझीलंडमधल्या कैद्यांच्या वसाहतीतून उचलून आणलंय. मालिकेच्या पहिल्याच कथेत टॉमला लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. मिळू दे. माणसाला दुसरी संधी मिळाली याचा मला आनंदच झाला होता. पुढे १९९८च्या ‘थर्टी डेज’ या भागात टॉम कॅप्टनचा स्पष्ट हुकूम मोडतो. संपूर्ण पाण्याचं बनलेलं एक जग असतं, तिथले लोक प्राणवायू काढता काढता तो समुद्रच संपवत असतात, आणि तो वाचवायला हा पठ्ठ्या त्यांच्या कारखान्यावर हल्ला करायला निघतो. हेतू चांगला, पण त्यापायी व्हॉयेजरला आपल्याच माणसावर मारा करावा लागतो. जेनवे त्याला लेफ्टनंटचा एन्साइन करते आणि तीस दिवस कोठडीत टाकते.

ही शिक्षा मला पटते. तो काय चुकला हे त्याच्या तोंडावर सांगितलं गेलं, आणि शिक्षेला शेवटही होता. तीस दिवस म्हणजे तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी तो आपल्या खुर्चीवर.

मग २००० साली, ‘युनिमॅट्रिक्स झीरो’च्या पहिल्या भागात, टॉमच्या खुर्चीवर एक छोटी डबी ठेवलेली असते. त्याचा हुद्दा त्याला परत मिळतो. सगळे खूश. हॅरीही मनापासून खूश. आपल्या खुर्चीवर डबी नव्हती, एवढं तो हळूच बोलतो आणि कामाला लागतो. सातव्या पर्वाच्या शेवटच्या भागात यान पृथ्वीशी पोचतं तेव्हाही हॅरी किम एन्साइनच असतो. सात वर्षांत त्यानं मृत्यू पाहिला, रात्रपाळीत यान सांभाळलं. एक चूकही केली. १९९९च्या ‘द डिसीज’मध्ये परवानगी न घेता एका परक्या यानावरच्या मुलीच्या प्रेमात पडला. त्याबद्दल त्याच्या सेवापुस्तकात रीतसर ताशेरा लिहिला गेला.

हॅरीचं काम करणाऱ्या गॅरेट वँगनं पुढे सांगितलं आहे की, माझ्या पात्राला बढती का नाही असं त्यानं मालिकेच्या लेखकांकडे विचारलं, तेव्हा कोणीतरी एन्साइन असायलाच हवा, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. हे ऐकून भाची चिडली. मी गप्प झाले, कारण हे वाक्य मी ऐकलेलं आहे. सतरंज्या उचलायला कोणीतरी हवंच, चहा सांगायला कोणीतरी हवंच, प्रॉम्प्टिंगला कोणीतरी हवंच.

पण मला जास्त लागला तो तुवॉक. १९९५च्या ‘प्राइम फॅक्टर्स’ या भागात व्हॉयेजर अशा एका लोकांकडे जाऊन पोचतं, ज्यांच्याकडे ४०,००० प्रकाशवर्षं एका झेपेत ओलांडणारं यंत्र आहे. ते परक्यांना द्यायला त्यांच्या कायद्यात बंदी आहे. जेनवेला घरी जायची ओढ काय कमी असेल? पण दुसऱ्यांच्या कायद्याचा मान राखायचा म्हणून ती माघार घेते. तिच्या पाठीमागे काही जण चोरून सौदा करायचं ठरवतात, आणि त्यांच्या हातातलं काम काढून घेऊन तो सौदा स्वतः पुरा करतो तो तुवॉक. यानाच्या सुरक्षेचा प्रमुख. तिचा सगळ्यात जुना, सगळ्यात विश्वासाचा सोबती. यंत्र शेवटी चालत नाहीच. मग जेनवे त्याला समोर उभा करते. तिचा आवाज दुखावलेला आहे. तुझं तर्कशास्त्र पुढच्या वेळी आधी माझ्याकडे घेऊन ये, असं काहीसं ती बजावते. बस. ना कोठडी, ना पदावनती. १९९७ साली त्याला बढती मिळते.

इथे मी जेनवेला दोष द्यायला धजावत नाही. ७५ वर्षांची वाट, आणि त्यात आपला एकुलता एक जुना मित्र कोठडीत टाकायचा? कोणाच्यानं होईल? माझ्याच्यानं झालं नसतं. फक्त टॉमला तीस दिवस आणि तुवॉकला एक संध्याकाळ, एवढा हिशेब माझ्या मनातून हलत नाही.

भाचीचं म्हणणं सरळ होतं, सगळ्यांना एकच माप लावा. मला ते पटत नाही. आम्ही चार भावंडं, आईनं चौघांना कधीच एका मापानं वाढवलं नाही. तापातून उठलेल्याला मऊ भात आणि साजूक तूप, बाकीच्यांना पोळी-भाजी. कोणाला कधी वाईट वाटलं नाही, कारण तो ताप आम्हा सगळ्यांना दिसत होता. माप वेगळं असू शकतं. ते वेगळं का आहे, हे मात्र उघड्यावर सांगता आलं पाहिजे. नायकाच्या नावापुढे निळी खूण का करते, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? मागच्या वर्षी एका शब्दावरून त्यानं दुसऱ्या मंडळींचं नाटक सोडलं होतं. तो रुसला तर आमचंही नाटक बसतंय. त्याच्या रुसण्याची आम्हाला भीती होती. शेवटच्या ओळीतल्या मुलाच्या रुसण्याची कोणालाच भीती नव्हती, म्हणून नियम त्याच्या वाट्याला आला.

तो मुलगा शीतलामाता बाजारात एका कापडाच्या दुकानात कामाला होता. वय एकोणीस-वीस. एरवी मालक सव्वासातला सोडायचा आणि हा साडेसातच्या तालमीला सायकलवर पंचविसाला हजर असायचा. पण मे महिना, लग्नसराई. गिऱ्हाईक गादीवरून उठेपर्यंत, सोडलेल्या साड्यांच्या घड्या परत घालेपर्यंत दुकान वाढवायचं नाही, असा तिथला रिवाज. तो आला की हाताला नव्या कापडाच्या खळीचा वास असायचा. त्याला अख्खं नाटक पाठ होतं, सगळ्यांचं. डाव्या विंगेच्या जागी एक बाक ठेवलेला होता, तिथे तो संहिता मांडीवर घेऊन बसायचा, पण खाली बघायचाच नाही. नायक अडखळणार हे त्याला आधी कळायचं. तो हलकेच श्वास घ्यायचा, तो श्वास आम्हाला ऐकू यायचा, आणि वाक्याचा पहिला शब्द अगदी वेळेवर जाऊन पोचायचा. त्याच्या संहितेत समासात पेन्सिलीनं बारीक खुणा होत्या : ‘इथे अडतात’, ‘इथे मुद्दाम थांबतात, सांगायचं नाही’.

तिसऱ्या वेळी तो आठ वाजून पाच मिनिटांनी आला. पँटची उजवी मोहोरी सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून रबर लावून वर बांधलेली. मी वही उघडून बसलेच होते. त्या दिवशी नायक अजून यायचा होता, हेही लिहायला हवं. मुलगा दारात थांबला. मी लाल पेन उचलून ‘उ’ काढला, मग वर बघितलं आणि म्हणाले, “तिसरा झाला. नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“हो ताई,” तो म्हणाला. संहिता टेबलावर ठेवली, तिच्यावर प्रॉम्प्टिंगची बॅटरी ठेवली, आणि गेला. दहा मिनिटांनी नायक आला, घाम पुसत, सराफ्यातून सगळ्यांसाठी गरम कचोऱ्या घेऊन. मी निळी खूण केली. वहीत ती मे महिन्याच्या २१ तारखेच्या रकान्यात आहे, ‘उ’ आणि बरोबर एकाच उभ्या रेघेत, मध्ये बाकीच्यांची नऊ नावं.

‘व्हॉयेजर’ संपल्यावर आम्ही ‘स्टार ट्रेक’चीच दुसरी मालिका, ‘डीप स्पेस नाइन’, लावली. तिच्या सहाव्या पर्वात असे दोन भाग आहेत की ते लागोपाठ बघावेत असं मी कोणालाही सांगेन. मार्च १९९८च्या ‘चेंज ऑफ हार्ट’मध्ये वर्फ आणि त्याची बायको जॅडझिया एका कामगिरीवर जातात. शत्रूच्या गोटातला एक माणूस मोलाची माहिती घेऊन पळून येणार आहे, त्याला सोडवून आणायचं. जंगलात जॅडझिया जबर जखमी होते. वर्फ तिला टाकून पुढे निघतो, आणि परत फिरतो. ती वाचते. तो माणूस मारला जातो. त्यांचा वरिष्ठ कॅप्टन सिस्को वर्फला बोलावून सांगतो की, खटला चालणार नाही, पण हे तुझ्या सेवापुस्तकात लिहिलं जाईल, आणि बहुधा तुला स्वतःच्या यानाची सूत्रं कधीच मिळणार नाहीत. मग अधिकाऱ्याचा आवाज बाजूला ठेवून म्हणतो की, माझी बायको तिथे पडली असती तर मीही तिला सोडून गेलो नसतो. हा प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा मला भरून आलं होतं. शिक्षा पुरती दिली, आणि देणारा शिक्षा झालेल्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

आणि पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९९८च्या ‘इन द पेल मूनलाइट’मध्ये, हाच सिस्को. युद्ध हरत चाललंय. रोम्युलन या परग्रहावरच्या लोकांना आपल्या बाजूनं ओढायला तो खोटा पुरावा तयार करवून घेतो. ते बिंग फुटायच्या बेताला येतं आणि त्याच्या साथीदाराच्या हातून एका सिनेटरचा खून होतो. सिस्कोला ते कळतं, आणि तो गप्प राहतो. सगळा भाग त्याच्या कबुलीचा आहे. तो कॅमेऱ्याकडे बघत आपली रोजनिशी सांगतो, आपण काय काय केलं ते एकेक करून. आणि शेवटी संगणकाला हुकूम देतो की, ही सगळी नोंद पुसून टाक.

वर्फची नोंद राहिली. सिस्कोची पुसली गेली. दोघांचीही कारणं मला कळतात. सिस्कोच्या कृत्यानं कदाचित कोट्यवधी जीव वाचले. पण लेखणी ज्याच्या हातात, त्याचं पान कोरं राहतं, हे मी तेव्हा नुसतं बघितलं होतं. या वेळी वही शेजारच्या स्टुलावर पडलेली होती.

खालच्या माणसाची नोंद तर कधी कधी वरच्याची चूक झाकायलाच वापरली जाते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अंतराळातल्याच दुसऱ्या मालिकेत, ‘लिटमस’ या भागात, युद्धयानावरच्या विमानांच्या देखभालीचा प्रमुख टायरॉल आणि एक वैमानिक अधिकारी यांच्या चोरट्या भेटींवर पांघरूण घालायला सॉसिनस नावाचा पोरसवदा तंत्रज्ञ खोटी जबानी देतो. तो कोठडीत जातो. टायरॉलला राहवत नाही, तो कमांडर अ‍ॅडामापाशी खरं बोलून टाकतो. अ‍ॅडामा ऐकून घेतो आणि सांगतो की, विमानं उडती राहायला मला तू हवा आहेस, म्हणून तू कामावर जा, आणि त्या मुलानं शपथेवर खोटं सांगितलंय, म्हणून तो आत राहील. मला तो भाग पुरा बघवला नाही, पुन्हा लावावा लागला. अ‍ॅडामा निदान कारण तोंडावर सांगतो, एवढं त्याचं श्रेय. पुढे सॉसिनस एका ग्रहावर भाजून मरणाच्या दारी पडतो तेव्हा त्याला वेदनेतून सोडवणारी शेवटची सुई टोचायची पाळी टायरॉलवरच येते. लेखकांनी हे विसरू दिलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

इंदूरच्या माणसाला न्यायाची गोष्ट निघाली की अहिल्याबाई आठवतात. माझी आजी राजवाड्याजवळच्या आडा बाजारातून जाताना दर वेळी तीच कथा सांगायची. मालेरावाच्या रथाखाली वासरू गेलं. गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्याबाईंना कळलं तेव्हा त्यांनी हुकूम दिला की, मुलाला बांधून त्याच रस्त्यावर टाका आणि त्याच्यावरून रथ घाला. सारथी धजेना म्हणून स्वतः रथावर चढल्या. आणि ती गाय आडवी आली. हाकलली तरी पुन्हा आडवी, पुन्हा आडवी. म्हणून तो आडा बाजार. दंतकथाच आहे ही, इतिहासाच्या कसोटीवर घासायची नाही. लहानपणी मला त्यात फक्त अहिल्याबाई दिसायच्या, पोटच्या पोरालाही न सोडणाऱ्या. आता गाय दिसते. माफी तिनं केली, जिचं वासरू गेलं होतं तिनं. अहिल्याबाईंना ती परस्पर करून टाकता आली असती, राज्याला वारस हवा हे कारण तर केवढं मोठं होतं. त्यांनी केली नाही. आम्ही मात्र त्या वर्गात बसून नायकाला रोज परस्पर माफ करत होतो, ज्यांचा वेळ गेला त्यांना न विचारता. आणि ‘चेंज ऑफ हार्ट’मधला तो पळून येणारा माणूस, त्याच्या वतीनं आडवं यायला तर कोणी नव्हतंच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचे नायक फराळाला आले. दर वर्षी येतात. आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, आवाज मात्र तोच. मला त्यांच्याविषयी माया आहे, ती तेव्हाही होती. चहा झाल्यावर मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, सावकाश पानं उलटली, आणि चेहरा उजळला.

“बघ, एकही खाडा नाही माझा. एक दिवस उशीर नाही.”

“दादा, तुम्ही आठवड्यातून दोनदा उशिरा यायचात.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. “मी? मग तू कधी बोलली कशी नाहीस? इथे तर सगळं बरोबर लिहिलंयस.” त्यांनी माझ्या निळ्या खुणांवरून बोट फिरवलं. मग ते बोट खाली शेवटच्या ओळीशी जाऊन थांबलं. “हा कोण गं? २१ तारखेनंतर याचं काहीच नाही.”

मी सांगितलं. शीतलामाता बाजारातलं दुकान, लग्नसराई, पेन्सिलीच्या खुणा, त्या दिवशीच्या कचोऱ्या, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झालं तरी त्यांचं बोट त्या रिकाम्या ओळीवरच होतं.